कोऱ्या स्क्रीनला घाबरू नका

मंगरूळपीरहून बोलतोय. बाबांसाठी सोयाबीनची पोती मोजणारं ॲप करायचं होतं, पण पहिली ओळ कुठं लिहायची तेच कळेना. मग गूगलचं फ्लटर घेतलं. टर्मिनलमध्ये ‘फ्लटर क्रिएट’ आणि पुढं नाव टाकलं, की अख्खा फोल्डर तयार! नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत. स्पेस चालत नाही, अंडरस्कोर चालतो. ‘लिब’मधल्या ‘मेन डॉट डार्ट’मध्ये बटण दाबलं की आकडा वाढवणारं ॲप आधीच असतं. मी त्या आकड्यालाच पोती म्हटलं!

एक सांभाळा. त्याच कमांडमध्ये ‘ऑर्ग’ लावून स्वतःची ओळख द्या. नाहीतर ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ राहतं आणि प्ले स्टोअर ते घेत नाही. शिवाय ॲप एकदा प्रसिद्ध झालं, की ही ओळख बदलता येत नाही. भेटू पुढच्या भागात!