मुलांच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

इनामगावात एका ओळखीच्या घरी आम्ही गेलो होतो. नववीतल्या मुलाच्या मोबाईलवर बापाला नको ते चित्र सापडले. पोराला बडवले, मोबाईल कपाटात गेला. आई मान खाली घालून उभी. 'असले पाहतोसच कसा?' हे दहादा विचारून झाले. तुला जाणून काय घ्यायचे होते, हे मात्र कुणी विचारले नाही. आम्हीही नाही. चहा पिऊन उठलो!

परतताना एक खटला आठवत राहिला. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 साली नोकरी गेली. जुलै 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालवले. घरात, दारात कुणाला विचारता येत नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना पाठवीत आणि ते शास्त्राच्या आधारे उत्तर देत. या उत्तरांवरून 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते लेखन अश्लील होत नाही, आणि प्रश्नात विकृती असेलच तर ती ज्ञानानेच जाईल, असे त्यांचे म्हणणे. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. जयंतीच्या भाषणांत आपण महाड सांगतो, काळाराम सांगतो. हा खटला का बरे गाळतो?

घाणेरडी चित्रे चांगली, असे आमचे म्हणणे नाही. ती पैशासाठी उभी केलेली नाटके असतात. त्यांत बाईची इच्छा विचारलेली नसते, आणि पोराला तोच संसार वाटतो. पण घर गप्प, शाळा तो धडा घाईत उरकते. मग भिंतीवरचा 'गुप्तरोग' वैद्य आणि मोबाईल हेच गुरू. मुलींचे तर विचारूच नका. पाळी येण्याआधी किती आया लेकीला सांगतात?

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. बाप म्हणाला, "साहेब, मला तरी कुणी सांगितलं होतं?" मुलाला बाजूला घेऊन बसलो. बराच वेळ तो बोलेना. मग हळूच म्हणाला, "काका, झोपेत कपडे खराब झाले तर माणूस खंगत जातो, हे खरं का?"

त्याचा पहिला प्रश्न चित्राचा नव्हताच. आम्ही म्हणालो, "नाही रे बाळा. वयात येताना बहुतेक मुलांना होतं ते. तुझ्या बापालाही झालं असेल." बाप दारातून ऐकत होता. तो आत येऊन बसला.