तंबोऱ्याची तार : मापावी कशी, कापावी केव्हा

मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली तंबोरा गवसणीतच राहतो आणि साथीला इलेक्ट्रॉनिक पेटी लागते. कारण विचारले तर बहुधा एकच, तार तुटली आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांच्या हाताखाली जिथे गायनशाळा सुरू झाली, त्या बडोद्यात एका तारेपायी तंबोरा मुका राहावा हे आम्हाला पटत नाही. हे काम घरी करता येते.

नातवंडांच्या गिटारची तार पाकिटात तयार लांबीची मिळते, टोकाला गोळीही असते. तंबोऱ्याची तार मात्र वेटोळ्यातून कापून घ्यावी लागते. खंडेराव मार्केटात गजऱ्याचा दोरा कमी पडला तर फूलवाला गाठ मारून पुढे जातो. तारेला गाठ चालत नाही, म्हणून कमी कापलेली तार वायाच जाते.

माप असे घ्यावे. खालच्या तारदानापासून घोडीवरून त्या तारेच्या खुंटीपर्यंत दोरी धरावी. चारही खुंट्यांचे अंतर वेगळे असते, तेव्हा एकाच मापाने चार तारा कापू नयेत. अंतर ११० सेंटिमीटर भरले, तर खालच्या फासासाठी चार बोटे, म्हणजे सुमारे ८, आणि खुंटीच्या तीन-चार वेढ्यांसाठी एक वीत, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर धरावे. एकूण १४० झाले.

जाडीच्या नंबरात लोक फसतात. साध्या तारेच्या गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते : २२ गेज ०.७१ मिलिमीटर, ३० गेज ०.३१. वाद्यांच्या पोलादी तारांच्या नंबरात नेमके उलटे, ५ नंबर ३ नंबरापेक्षा जाड. दुकानात जुन्या तारेचा तुकडाच न्यावा. जोडीच्या तारा पोलादी, खर्जाची पितळी, हेही सांगावे.

एका वेळी एकच तार काढावी. चारही सोडल्या तर ताणावर बसलेली घोडी सरकू शकते. फास तारदानात अडकवला की आधी मणी ओवावा (हा हमखास विसरतो आणि मग सगळे उलगडावे लागते), मग तार घोडीवरून घेऊन तारगहनाच्या भोकातून खुंटीत घालावी. वेढे एकमेकांवर चढू देऊ नयेत.

उरलेले टोक त्याच दिवशी कापू नये. नवी तार रात्रभर उतरत राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरात घ्यावी आणि मगच बोटाच्या पेराएवढे टोक ठेवून कापावे. पोलादी तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. कापताना तो दुसऱ्या हाताने धरावा, मुलांना दूर बसवावे.

तरीही आवाज बोथट वाटला तर लगेच तार बदलू नका. घोडी आणि तारेमधला जवारीचा दोरा केसभर मागेपुढे करून पाहा.