बोलींचे क्षेत्रकार्य आणि ट्रायपॉडवरील मोबाईल होल्डरची निवड

बोलीचा अभ्यासक खेड्यात जाऊन जे ध्वनिमुद्रण करतो, त्यात शब्द सापडतात, स्वराघात सापडतो, वाक्याची चाल सापडते. परंतु बोलणाऱ्याचे ओठ, नजर आणि हात त्यात सापडत नाहीत. एखादी वृद्धा पुराची हकीकत सांगताना ‘पाणी इथवर आलं होतं’ असे म्हणते, तेव्हा ‘इथवर’ ह्या शब्दाचा अर्थ तिने गुडघ्यापाशी नेलेल्या हातात असतो. केवळ ध्वनिफीत ऐकणाऱ्याला तो कळण्याचा मार्ग नाही. दर्शक सर्वनामे व स्थलवाचक क्रियाविशेषणे ह्यांच्या अभ्यासाला म्हणूनच चित्राची जोड आवश्यक ठरते.

नाशिक जिल्ह्यात ह्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस बागलाण, मालेगाव ह्या भागांत अहिराणी बोलली जाते. पश्चिमेस सुरगाणा, पेठ ह्या डोंगराळ तालुक्यांत कोकणा व इतर आदिवासी समाजांच्या बोली आहेत. ग्रियर्सन ह्यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली प्रसिद्ध केला आणि खानदेशीचा विचार मात्र १९०७ च्या खंडात भिल्ली भाषांसमवेत केला. तेव्हापासून ह्या सीमावर्ती बोलींच्या वर्गीकरणाची चर्चा चालत आली आहे. ह्या चर्चेस लागणारी सामग्री आज बहुधा विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईलवरच गोळा होते. मोबाईलचा कॅमेरा ह्या कामास पुरेसा आहे. प्रश्न आहे तो त्यास स्थिर धरण्याचा.

स्थिरतेचे महत्त्व नाशिककरांस नव्याने सांगावयास नको. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके ह्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले, ते थांबून थांबून एकेक चौकट टिपून. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी आपला चित्रव्यवसाय नाशिकास हलविला. रोपाच्या त्या चित्रणात दोन चौकटींच्या मधल्या काळात कॅमेरा तसूभर हलला असता, तर वाढ रोपाची की हालचाल कॅमेऱ्याची, हे पाहणाऱ्यास सांगता आले नसते. ओठांची हालचाल मोजणाऱ्या भाषाभ्यासकापुढेही नेमकी हीच अडचण उभी राहते.

थोडा हिशेब केल्यास ही अडचण किती मोठी आहे ते दिसून येईल. बोलणारी व्यक्ती दीड मीटर अंतरावर बसलेली आहे आणि मुद्रण चालू असता मोबाईल फक्त एका अंशाने कलला, असे मानू. तेवढ्याने चित्राची चौकट त्या व्यक्तीच्या ठिकाणी सुमारे २.६ सेंटीमीटर सरकते. सामान्य बोलण्यात ओठ उघडतात ते अंतरही बहुधा ह्याहून कमी असते. शिवाय प्रतिसेकंद २५ चौकटी घेतल्यास एक चौकट ४० सहस्रांश सेकंदांची होते. ‘प’ किंवा ‘ब’ उच्चारताना ओठ मिटलेले राहतात तो काळ अशा दोन-तीन चौकटींतच संपतो. एवढ्या अल्प पुराव्यात कॅमेऱ्याच्या हालचालीची भेसळ झाली, तर तो पुरावा निरुपयोगी ठरतो.

आता साधनाकडे वळू. ट्रायपॉडच्या माथ्यावर जो पेच असतो, त्याचे माप आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेले आहे. लहान उपकरणांसाठी पाव इंच व्यासाचा, इंचास २० आटे असलेला पेच. मोठ्या उपकरणांसाठी तीन अष्टमांश इंच व्यासाचा, इंचास १६ आटे असलेला पेच. मोबाईल होल्डरच्या बुडाशी बहुधा पाव इंची आटे असतात. ट्रायपॉडचा पेच मोठा असल्यास मध्ये धातूचे छोटे रूपांतरक लागते. होल्डर घेताना हे आटे कशात पाडले आहेत ते पाहावे. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये पाडलेले आटे वारंवारच्या वापराने झिजतात आणि होल्डर पेचाभोवती फिरू लागतो. पितळेची किंवा इतर धातूची नळी बसविलेली असल्यास हा दोष सहसा उद्‌भवत नाही.

मोबाईल धरण्याच्या पद्धतीवरून होल्डरचे तीन प्रकार पडतात. पहिला स्प्रिंगचा. त्याचा जबडा ओढून मोबाईल आत सरकविला की काम झाले. परंतु त्याची पकड स्प्रिंगच्या जोरावर अवलंबून असते आणि तो जोर वापराने कमी होत जातो. दुसरा पेचाचा. त्यात जबडा हाताने आवळावा लागतो. वेळ थोडा अधिक जातो, परंतु पकड किती घट्ट ठेवावयाची हे वापरणाऱ्याच्या हाती राहते. तिसरा चुंबकाचा. आयफोन १२ बरोबर २०२० साली चुंबकीय जोडणी आली व पुढे इतर मोबाईलसाठीही तिचा प्रसार झाला. चुंबक मोबाईलला सरळ ओढून निघू देत नाही. पण पृष्ठभागावरून घसरण्यास त्याचा विरोध त्या मानाने कमी असतो, आणि जाड कव्हर मध्ये आल्यास पकड आणखी घटते. तासभर चालणाऱ्या कथाकथनाच्या मुद्रणास ह्या तिहींपैकी पेचाचा होल्डर सर्वांत विश्वसनीय होय.

दुसरा विचार तोलाचा. २२० ग्रॅम वजनाचा मोबाईल ट्रायपॉडच्या अक्षावर नेमका असेल, तर त्याचे वजन सरळ खाली जाते. तोच अक्षापासून ५ सेंटीमीटर बाजूस असला, तर सांध्यावर ११०० ग्रॅम-सेंटीमीटर इतका पीळ पडतो व सैल सांधा हळूहळू खाली वाकतो. उभे चित्रण आडवे करण्यासाठी ट्रायपॉडचा माथा कलविणे म्हणजे हा पीळ ओढवून घेणेच होय. ज्या होल्डरचा जबडा स्वतःभोवती नव्वद अंशांत फिरतो व मोबाईल अक्षाजवळच राहतो, तो म्हणूनच श्रेयस्कर. संभाषणाच्या अभ्यासाला आडवी चौकट लागते, कारण दोन व्यक्ती व त्यांचे हात तीत एकत्र मावतात. एकट्या निवेदकाच्या मुद्रेसाठी मात्र उभी चौकट सोयीची ठरते. दोन्ही स्थिती सहज साधणारा होल्डर हवा.

तिसरा विचार जबडा कोठे बसतो ह्याचा. मोबाईलच्या लांब कडांवर बटणे असतात. जबड्याने चालू-बंदचे बटण दाबले गेले, तर मुद्रण मध्येच थांबते आणि ते बऱ्याच वेळाने लक्षात येते. जबडा अरुंद असावा, त्यास रबराचे अस्तर असावे आणि तो बटणे टाळून बसविता यावा. मायक्रोफोनचे छिद्र व तारेची खाच ही मोकळी राहिली पाहिजेत. मोबाईलची रुंदी मोजताना ती कव्हरासह मोजावी. पाठीमागचा भाग मोकळा असणेही हितावह. ॲपलने आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली आहे, आणि वैशाखातल्या दुपारी ओट्यावर ती सहज ओलांडली जाते. तापलेला मोबाईल मुद्रण बंद करू शकतो.

उत्तम होल्डरही वापरणाऱ्याच्या हाताने हलतो. मुद्रण सुरू करताना पडद्यास बोट लावल्याने धक्का बसतो. त्याऐवजी दूरनियंत्रक वापरावा किंवा आरंभीची काही सेकंदे सोडून द्यावीत. हात स्थिर नसताना उपयोगी पडणारे मोबाईलमधील अंकीय स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद करावे, कारण ते चौकट आपल्या मर्जीने सरकविते व मोजमापात चूक आणते. सारवलेल्या, उंचसखल जमिनीवर ट्रायपॉडचे पाय पूर्ण न उघडता मधला दांडा उंच करण्याची सवय असते, तीही टाळावी. आधी पाय पसरावेत, दांडा शेवटी व शक्य तितका थोडा वर घ्यावा.

ह्या सर्व गुणांची पारख एका साध्या कसोटीने करता येते. मोबाईल कव्हरासह होल्डरमध्ये बसवून, क्षेत्रात वापरावयाच्या कोनात तो किंचित खाली झुकवावा आणि समोरच्या दाराच्या चौकटीचे अर्धा तास चित्रण करावे. त्यातील पहिले व शेवटचे चित्र शेजारी ठेवून पाहिल्यास दाराची कड जागची हलली की नाही, हे तत्काळ दिसते. जो होल्डर दाराची कड जागी ठेवू शकत नाही, तो निवेदकाचा चेहराही जागी ठेवणार नाही.

ही काळजी अनाठायी वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रयोगशाळेतील प्रयोग बिघडला तर तो पुन्हा करता येतो. ऐंशी वर्षांच्या निवेदकाने एकदा सांगितलेली हकीकत त्याच शब्दांत, त्याच हातवाऱ्यांनी दुसऱ्यांदा मिळत नाही, आणि पुष्कळदा पुढच्या खेपेस तो निवेदकच भेटत नाही. म्हणून होल्डरची कसोटी गावी पोहोचल्यावर नव्हे, विभागातून निघण्यापूर्वी घ्यावयास हवी.