बलाढ्यांचा शब्द किती दिवसांचा?

नवी मुंबईच्या शेजारचें न्हावाशेवा बंदर आणि इराणचें चाबहार बंदर यांचा ऋणानुबंध आमच्या थोड्याच वाचकांस ठाऊक असेल. चाबहारचा शहीद बेहेश्ती धक्का चालविणारी 'इंडिया पोर्ट्स ग्लोबल' ही कंपनी २०१५ सालीं न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्टनें कांडला पोर्ट ट्रस्टबरोबर काढली. पाकिस्तानची वाट टाळून अफगाणिस्तान गाठण्याचा हा मार्ग अमेरिकेनें २०१८ सालीं आपल्या इराणविरोधी निर्बंधांतून वगळला होता. २०१९ च्या फेब्रुवारींत सुका मेवा, गालिचे इत्यादि ५७ टन अफगाणी माल याच वाटेनें मुंबईकडे निघाला. २०२४ च्या मे महिन्यांत हिंदुस्थानानें तेथें दहा वर्षांचा करार केला व सुमारें १२ कोटी डॉलरांची सामग्री पुरविण्याचें पत्करिलें. निर्बंधांचा धोका आहे, असा इशारा अमेरिकेनें तेव्हांच दिला. २०२५ च्या सप्टेंबरांत तिनें ती सवलत काढून घेतली आणि ऑक्टोबरांत सहा महिन्यांपुरती पुन्हा दिली. करार दहा वर्षांचा आणि परवानगी सहा महिन्यांची! अशा भरंवशावर कोणता शहाणा व्यापारी वखार बांधील?

बलाढ्य राष्ट्राच्या कर्तव्याविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, ज्याच्या हातीं बळ आहे त्यानें जगाची कोतवाली केलीच पाहिजे. इराणच्या अणुकार्यक्रमास आळा कोणी तरी घातलाच पाहिजे, आणि त्यांत तिऱ्हाइतास झळ लागली तर इलाज नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, सरकार हें आपल्याच प्रजेचें मुखत्यार. परक्यांच्या नफ्यातोट्याची चिंता त्यानें कां वाहावी? दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कोतवालासही कायदा असतो, आणि मुखत्यारानें केलेला करार धन्यास बांधतो. ज्याच्या शब्दावर दुसरे आपला संसार मांडतात, त्यानें तो शब्द पूर्वसूचनेवांचून फिरवूं नये, हें आमच्या मतें सामर्थ्याचें पहिलें कर्तव्य होय.

येथवर आमचे वाचक माना डोलावतील. पण हाच आरसा आपणांसमोर धरिला तर? २९ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्या सरकारनें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली. पुढच्याच महिन्यांत बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनीं दिल्लींत, आपण आचाऱ्यास कांदा बंद करावयास सांगितला असें थट्टेनें म्हणून, आधीं कळविलें असतें तर बरें झालें असतें, अशी गोड शब्दांत तक्रार केली. तरी १४ सप्टेंबर २०२० रोजीं पुन्हा तेंच घडलें. न्हावाशेव्यास कांद्याचे कंटेनर व बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकून पडले. २०२३ च्या डिसेंबरांत पुन्हा बंदी आली, ती २०२४ च्या मे महिन्यापर्यंत टिकली. नाशिकचा शेतकरी, वाशीचा अडत्या आणि ढाक्याची गृहिणी या तिघांसही एकाच हुकुमानें फटका बसला.

कोणी म्हणेल, येथील गरिबाच्या ताटांतील कांदा स्वस्त ठेवणें हें सरकारचें कर्तव्य नव्हे काय? आहेच. पण वॉशिंग्टनचे मुत्सद्दीही स्वदेशहिताचेंच नांव घेतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कारटें, हा न्याय कोणत्या कोर्टांत टिकेल?

आमचें मागणें एवढेंच आहे: निर्यातबंदी करणेंच पडल्यास शेजाऱ्यास आधीं कळवावें, नोटिशीची मुदत ठरवावी, आणि झालेल्या सौद्यांचा माल सोडावा. चाबहारसाठीं आपण अमेरिकेजवळ जो न्याय मागतों, तो ढाक्यास देण्यास आपणांस कोणाच्याही परवानगीची गरज नाहीं. हिंदुस्थान मोठें राष्ट्र होत आहे. तें भलेंही होत आहे कीं नाहीं, हें शेजारीच ठरवितील.