भुंकणारा माणूस, आरशातला कुत्रा

"डाक्टरसाहेब, पोराले बाहेरचं झालं काय जी?"

नव्वदच्या दशकात मी निवासी डॉक्टर असताना वॉर्डाच्या दारात एका म्हाताऱ्या बापाने मला हे विचारलं होतं. मुलगा तिशीतला. दोन रात्री झोप नाही, वाऱ्याच्या झुळकीने दचकतो, रात्री कुत्र्यासारखा भुंकतो. गावात मांत्रिक झाला होता, गंडाही बांधून झाला होता. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्याला तहान होती, हातही पुढे आला. पण पेला ओठांजवळ येताच घसा आवळला आणि मान मागे गेली. दोन महिन्यांपूर्वी घरातलंच पिल्लू चावलं होतं. जखमेत मिरचीपूड भरली होती.

रेबीज. त्या क्षणानंतर आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

रक्तपिशाच्च आणि नरलांडगे आपल्याला भेटले ते ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'मधून, सिनेमातून आणि नारायण धारपांच्या 'लुचाई'तून. मीही ती पुस्तकं पांघरुणात शिरून वाचली आहेत. पण १९९८ मध्ये हुआन गोमेझ-आलोन्सो या स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञाने 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एक वेगळाच मुद्दा मांडला. युरोपात या पिशाच्चकथांना ऊत आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि हंगेरीत १७२१ ते १७२८ दरम्यान कुत्री-लांडग्यांमध्ये रेबीजची मोठी साथ होती. चावून पसरणारी बाधा, रात्रीची भटकंती, उग्र वासाने आणि आरशाने बिथरणं, हे सगळं रेबीजच्या रुग्णातही दिसतं. लसणाला पिशाच्च का घाबरतं, याचं एवढं साधं उत्तर मला तरी दुसरीकडे मिळालेलं नाही. अर्थात ही उपपत्ती आहे, पुरावा नव्हे. लोककथा एकाच झऱ्यातून येत नाहीत.

गंमत म्हणजे आरसा आपल्याकडे त्याच्याही फार आधी आला आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचं वर्णन आहे. रुग्ण त्या प्राण्यासारखा आवाज आणि चेष्टा करू लागला, किंवा पाण्यात, आरशात त्याला तो प्राणी दिसू लागला, तर तो वाचत नाही, असं तिथे म्हटलं आहे. पाण्याच्या भीतीला शब्दही आहे, जलत्रास.

मग माणूस खरंच भुंकतो का? नाही. रेबीजचा विषाणू रक्तातून नव्हे, जखमेजवळच्या नसेतून मेंदूकडे सरकतो. त्याला सहसा एक ते तीन महिने लागतात, आणि तेवढीच आपल्याला मिळालेली मुदत. मेंदूत पोहोचल्यावर तो लाळग्रंथींकडे वळतो. घसा आणि श्वासाचे स्नायू आवळतात, आवाज घोगरा होतो, तुटक येतो. नातेवाइकांना तो भुंकल्यासारखा वाटतो. झटके नसतात तेव्हा रुग्ण पुष्कळदा पूर्ण शुद्धीत असतो. त्या मुलाने मला हात जोडून पंखा बंद करायला सांगितलं होतं.

उपाय दंशानंतर लगेच करायचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मिरची नको, चुना नको, हळद नको. पिल्लू आहे, घरचं आहे, नुसतं ओरखडलंय, असं म्हणून थांबू नका. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. आजही लोक बिचकत विचारतात, "पोटात चौदा सुया?" मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस २००४ च्या अखेरीस आपल्या देशात बंद झाली. आता सरकारी रुग्णालयांत बहुधा दंडाच्या त्वचेत देतात, पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

त्या म्हाताऱ्याला मी एवढंच विचारलं होतं, "पिल्लू आणखी कोणाला चावलं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नातवाईले. दोघाईले."

पोरांना दुसऱ्या दिवशी आणलं. तेव्हा ती पोटातलीच लस होती. दोघंही रडायची, आणि आजोबा रोज त्यांना घेऊन रांगेत उभे राहायचे. चौदाही दिवस. त्यांचा मुलगा तिसऱ्याच दिवशी गेला होता.