तिघांसाठी एकशेवीस पानं

पत्त्यांनी तीन माणसांच्या घरावर तसा अन्यायच केला आहे. मेंढीकोटाला दोन जोड्या लागतात, म्हणजे चौघं हवेत. झब्बू, चॅलेंज, बदाम सात यांना जितकी गर्दी तितकी मजा. तिघांत ते उरकल्यासारखे होतात. आमच्या घरात माणसं तीन. त्यामुळे दशावतारी गंजिफा हा मुळात तिघांनीच खेळायचा डाव आहे, हे कळलं तेव्हा कधीही न पाहिलेल्या त्या गोल पानांबद्दल एकदम आपुलकी वाटली. सावंतवाडीच्या राजवाड्यात ती अजून हातानं रंगवतात. म्हटलं, जाऊन बघावं.

मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे. दरबार हॉलमध्ये शिरताना आधी वास येतो. रंगाचा आणि वरून दिलेल्या रोगणाचा, किंचित गोडसर, घशाशी रेंगाळणारा. मग दिसतात माना खाली घालून बसलेले कारागीर. मी एका ताईंच्या शेजारी जाऊन बसले. त्या मासे काढत होत्या. मत्स्यावताराच्या रंगाचं चिन्ह मासा. कूर्माचं कासव, वामनाचं कमंडलू, परशुरामाचा परशू. ताईंचा ब्रश जवळजवळ जागचा हलत नव्हता, फिरत होतं ते पान. डाव्या हाताच्या बोटांत गोल चकती किंचित वळायची आणि ब्रशाखाली माशाची पाठ उमटायची. पुन्हा वळायची, पोट. शेपटीला दोन फटकारे. डोळे मात्र कुणालाच नव्हते. समोर ओळीनं वाळत ठेवलेल्या पानांवर सगळे मासे आंधळे. डोळे शेवटी, सगळ्यांचे एकदम, कारण त्याला ब्रश वेगळा लागतो.

“एका रंगाक पंचावन मासे लागतत,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी मनातल्या मनात बेरीज केली. एक्कीवर एक मासा, दुर्रीवर दोन, असं करत दश्शीवर दहा. पंचावन्न. असे दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे साडेपाचशे चिन्हं. शिवाय प्रत्येक रंगाचा एक राजा आणि एक प्रधान. रंगागणिक बारा पानं, एकूण एकशेवीस. बाकीची कृती सांगायला सोपी आहे: कागदाची चकती, तिच्यावर पांढरा लेप, घासकाम, रंग, रोगण. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून पान करत. पाठ मात्र सगळ्यांची एकसारखीच हवी. पाठीवर एक डाग वेगळा पडला तर पान ओळखू येतं आणि संच खेळातून बाद.

गंजिफा आपल्याकडे आला तो मोगलांबरोबर. बाबरानं 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या बारा रंगांच्या, 144 पानांच्या गंजिफाचं वर्णन अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त केलं आहे. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले. सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून शिकले आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू झालं. राणीसाहेबांनी स्वतः ब्रश धरला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसता आश्रय देऊन हात तयार होत नाहीत.

पण पान तयार होणं वेगळं आणि डाव लागणं वेगळं. डाव मला बघायला मिळाला तो गावातल्या एका निवृत्त मास्तरांच्या ओसरीवर. मास्तर, त्यांची थोरली बहीण आक्का आणि शेजारचे एक दुकानदार. मी चौथी. “तीनच माणसां व्हयी,” मास्तर म्हणाले, “चवथो इलो तर तेका चाय करूक धाडूचो.” मी खांबाला टेकून बसले.

लाखरोगणाची गोल, ताठ पानं आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. जमिनीवर पांढरी चादर अंथरून त्यांनी ती पालथी पसरली आणि तिघांनी सहा हातांनी कालवली. मग वाटणी, प्रत्येकाला चाळीस. आता चाळीस गोल चकत्या हातात धरायच्या कशा? आक्कांनी रंगावार लावून निम्म्या मांडीवर ठेवल्या, उरलेल्या डाव्या हातात एकीच्या कडेवर दुसरी अशा सरकवल्या. सगळ्या लावून होईपर्यंत कुणी बोललं नाही.

दिवसा खेळत असाल तर सुरुवात रामाच्या राजानं, रात्री असाल तर कृष्णाच्या. दुपारचे चार वाजले होते, राम दुकानदारांकडे निघाला. हुकूम बोलायचा नाही, बोली लावायची नाही. ज्याची उतारी असेल त्यानं एखाद्या रंगातलं शिल्लक असलेलं सगळ्यात मोठं पान टाकायचं आणि हात उचलायचा. बाकीचे दोघं आपल्याला नकोसं पान देतात. ऐकायला बाळबोध वाटतं. पण तुमच्या हातातली अठ्ठी आत्ता मोठी झाली की नाही, हे तिच्यावरची सगळी पानं पडून गेल्याचं लक्षात असेल तरच कळणार. त्यात खोड अशी, की पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्की मोठी. दहा रंगांचा हिशेब डोक्यात, आणि त्यातल्या निम्म्यांचा उलटा.

आक्का ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. चष्मा कपाळावर, ओठ मिटलेले. तेवीस-चोवीस हात झाल्यावर त्यांनी एक सत्ती टाकली. मास्तर म्हणाले, अठ्ठी बाहेर आहे. आक्का म्हणाल्या, तुझ्याच हातून गेली, रामाच्या चौथ्या हाताला. पडलेली पानं उलटून पाहिली. गेली होती.

हे कसं जमतं म्हणून मी विचारलं. “माका माजी चाळीस दिसतत,” त्या म्हणाल्या. “जी ऐंशी दिसनत नाय, थंयच खेळ आसा.”

शेवटी आक्कांचे सतरा हात, दुकानदारांचे बारा, मास्तरांचे अकरा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चाळीस हात तिघांत सारखे वाटलेच जात नाहीत. तिघांची बरोबरी होऊ शकत नाही, कुणीतरी मागे राहणारच. आणि जोडीदार नसल्यामुळे हरल्यावर खापर फोडायला समोर माणूस नाही. मेंढीकोटात निम्मा वेळ भिडूवर ओरडण्यात जातो. इथं ओसरी शांत. मास्तर स्वतःवरच चिडले होते. तिघांचा खेळ मला चौघांच्या खेळापेक्षा सरस वाटतो तो यासाठी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा राजवाड्यात गेले. तोच वास. ताईंच्या माशांना आता डोळे आले होते. तुम्ही कधी खेळलात का, मी विचारलं. त्या हसल्या. “आमका खंय येळ!” पंचावन्न मासे, पंचावन्न कासवं, पंचावन्न परशू ज्यांच्या हाताखालून गेले, त्यांच्या हाती खेळण्यासाठी चाळीस पानं कधी आली नाहीत. दोष त्यांचा नाही, आम्हा घेणाऱ्यांचा आहे. माझ्यासमोर एका कुटुंबानं दहा अवतारांचे दहा राजे भिंतीवर लावायला कसे दिसतील याची चर्चा केली. नियम कुणी विचारले नाहीत. तेही तिघंच होते!

कला वाचली हे खरंच, आणि ती वाचवणाऱ्यांचे उपकार आहेत. पण दश्शी आणि दुर्री भिंतीवर सारख्याच निरुपयोगी असतात. गंजिफाचा संच घेणार असाल तर आधी दोन माणसं गाठा, मग पैसे मोजा, आणि खेळ येणारं एखादं म्हातारं माणूस भेटलं तर त्याच्याजवळ एक दुपार बसा.

तोवर हात बसवायला साधा कॅट पुरे. त्यातून तीस पानं काढा, चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत आणि वर दोन सत्त्या. तिघांना दहा-दहा. पहिली पाच पानं पाहून एकानं हुकूम बोलायचा, त्याचे पाच हात व्हायला हवेत. वाटणाऱ्याचे दोन, उरलेल्याचे तीन. पाच-तीन-दोन तुम्ही लहानपणी खेळला असालच. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची, आणि तो घरातला सगळ्यात लहान असला तरी सोडायचा नाही.