ब्रुसेलोसिस माणसांत किती आढळतो?

जालना जिल्ह्यात अंबड असो वा भोकरदन, शेतीच्या जोडीला गाय, म्हैस, शेळी असतेच. या जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. त्यामुळे जनावर गाभडते. माणसाला मात्र येऊन-जाऊन ताप, घाम, सांधेदुखी, कंबरदुखी होते.

जगात वर्षाला सुमारे ५ लाख नवे रुग्ण, असे पूर्वी सांगितले जाई. २०२३ मधील एका अभ्यासाने हा अंदाज १६ ते २१ लाखांवर नेला. हा ताप टायफॉइड-मलेरियासारखा दिसतो. रक्ताची वेगळी तपासणी झाली नाही, तर रुग्णाची नोंदच होत नाही.

धोका सर्वांना सारखा नसतो. वार हाताने काढणारे पशुपालक, पशुवैद्यक, खाटीक आणि कच्चे दूध पिणारे यांना तो अधिक. रक्तात प्रतिपिंडे सापडली म्हणजे आजार आत्ता आहेच असे नाही. संसर्ग पूर्वी होऊन गेलेला असू शकतो.

दूध उकळूनच प्या. वार काढताना हातमोजे घाला. कालवडी-वगारींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस द्या. ताप लांबला, तर घरी जनावरे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. योग्य तपासणीची सुरुवात तिथूनच होते.